गॅरेजमधला दुसरा फ्रीज

टॅमरॅक, मिनेसोटा
९ फेब्रुवारी २००४

प्रिय आर्डिस,

"ऑर्लिनला गॅरेज देऊन टाक, म्हणजे बाकीचं घर तुझं."

आमच्या लग्नाच्या दिवशी, चर्चच्या तळघरात केक कापता कापता तुझ्या आईने मला हे सांगितलं होतं. तीस वर्षं झाली. तू शेजारीच उभी होतीस, फळांचा पंच ओतत होतीस, आणि हसलीस. मी हसले नाही. तेवीस वर्षांची होते, सासू काही सांगतेय तर ऐकावं असं वाटलं. ऐकलं. अठ्ठावीस वर्षं गॅरेज तुझ्या भावाचं आणि घर माझं. तो निघून गेला, घटस्फोट झाला, घर कागदोपत्रीसुद्धा माझं झालं. आणि आता सरकारचं पत्र आलंय की बाकीचं घरही माझं नाही.

झालं असं. ऑर्लिन गळाला लावायच्या जळवा विकायचा हे तुला माहीतच आहे. मला वाटायचं, हौस आहे, चार डबे विकतो आणि पेट्रोलचा खर्च काढतो. तर तसं नव्हतं. एका मोठ्या व्यापाऱ्याची वही टॅक्सवाल्यांनी तपासली. त्यात ९८, ९९ आणि २००० अशी तीन वर्षं ऑर्लिनचं नाव पानोपानी. सगळं रोख, आणि आमच्या रिटर्नमध्ये एका जळवेचाही उल्लेख नाही. रिटर्न आम्ही दोघं मिळून भरायचो. खाली दोन सह्या, एक त्याची, एक माझी. दोन सह्या असल्या की सगळं देणं दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करता येतं म्हणे. व्याजासकट एकतीस हजार डॉलर. त्याचा पत्ता नाही, माझा आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात मला काय मिळतं ते तुला ठाऊक आहे. हे घर विकल्याशिवाय मी एकतीस हजार बघणार नाही.

एकच वाट आहे. एक अर्ज असतो. सही करताना बायकोला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं, हे पटलं तर तिच्यावरचं देणं काढून टाकतात. त्यासाठी जवळच्या माणसांची पत्रं लागतात. तू त्याची सख्खी मोठी बहीण. माझी नणंद असूनही माझ्या बाजूने लिहिलंस तर त्याला वजन येईल. एवढंच लिही: लव्हॉनला काही माहीत नव्हतं.

आणि त्यांना कायद्याने ऑर्लिनलाही विचारावं लागतं. तो कुठे आहे? जाताना त्याने चिठ्ठी ठेवली होती ती तुला सांगितलीच होती. "मी जातो. गॅरेजमधला फ्रीज बंद करू नकोस." अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि निरोप कुणाचा, तर फ्रीजचा.

तुझी,
लव्हॉन

*

हॉलवेडाल, विस्कॉन्सिन
२० फेब्रुवारी २००४

प्रिय लव्हॉन,

पत्र मिळालं. मी पंच ओतत नव्हते, कॉफी ओतत होते. १९७४ साली आपल्या चर्चमध्ये पंच नव्हता.

बातमी वाचून वाईट वाटलं. दोन दिवस नीट जेवले नाही.

ऑर्लिन कुठे आहे ते मी तुला सांगू शकत नाही.

आता तुझ्या मागणीबद्दल. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, बुटांच्या खोक्यांत, वर्षवार लावलेली. १९ मार्च २००१ चं पत्र मी काढून वाचलं. तू लिहितेस: "चर्चमधल्या यालमारच्या मयताच्या जेवणाला दीडशे माणसं. माझ्या फ्रीजमध्ये हॅम, मग जेलीचं सॅलड ठेवू कुठे? शेवटी नाक धरून गॅरेजमधला त्याचा फ्रीज उघडला. वर जळवांचे डबे, आणि खाली, आर्डिस, कॉफीचे तीन मोठे डबे. एकाचं झाकण सैल होतं. आत विसाच्या नोटा, काठोकाठ. मी झाकण लावून टाकलं. सॅलड शेवटी बाहेर बर्फात ठेवलं."

१९ मार्च. २००० सालच्या रिटर्नवर तू सही केलीस एप्रिलमध्ये. मार्च एप्रिलच्या आधी येतो. मग "लव्हॉनला काही माहीत नव्हतं" असं मी कसं लिहू?

इकडे थंडी उणे वीस. तळघरासाठी एक जुना फ्रीज घेतला. दुकानात हेरिंग मासा स्वस्त होता म्हणून बरण्या भरून आणला.

आर्डिस

*

टॅमरॅक
२७ फेब्रुवारी २००४

प्रिय आर्डिस,

तुझ्यासारखी बाई शेजारी राहत नाही हे माझं नशीब, आणि विस्कॉन्सिनचं दुर्दैव.

मी कधी काय लिहिलं ते मला आठवतही नव्हतं, आणि तू ते खोक्यातून काढून तारखेसकट माझ्यासमोर ठेवलंस! नोटा पाहिल्या म्हणजे काय कळतं? मला वाटलं, त्याचे साठवलेले पैसे असतील. असं मी सांगू शकते. सांगायचा सरावही करतेय.

ऐक इथे काय चाललंय. दर मंगळवारी वाचनालयात मिस्टर गुल्सेट नावाचे एक निवृत्त वकील येतात आणि लोकांना फुकट मदत करतात. माणूस देवासारखा, पण कानाने अधू. ते अर्जातले प्रश्न मोठ्याने वाचणार, आणि मी त्याहून मोठ्याने उत्तर देणार.

"नवऱ्याने तुमच्यापासून काय लपवलं?"

"जळवा."

"काय?"

"जळवा!"

वर्तमानपत्रांच्या टेबलावरची सगळी डोकी वर झाली.

"त्यातून पैसा मिळतो हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही! मला काहीच माहीत नव्हतं!"

तेवढ्यात मागून आमची फर्न, मयताच्या जेवणाच्या कमिटीतली, म्हणते कशी, "लव्हॉनला माहीत नव्हतं? अगं बाई, मग गावात माहीत होतं कुणाला?"

सगळं वाचनालय हसलं. मिस्टर गुल्सेटना ऐकू आलं नाही. तेही हसले.

तरी लाज गिळून मी फर्नकडे पत्र मागायला गेले. तिने कॉफी दिली, बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझ्यासाठी मी वाट्टेल ते करीन. पण तुला माहीत नव्हतं असं लिहून देणार नाही. माझ्या सुनेला दिवस गेलेत हे तुला माझ्या आधी कळलं होतं." पास्टरची बायकोही तेच म्हणाली, जरा गोड भाषेत. तीस वर्षं मी या गावात कुणाच्या पित्ताशयात खडा आहे आणि कुणाच्या मुलाची नोकरी सुटली ते सांभाळत बसले. आता मी अजाण होते असं म्हणायला एक माणूस मिळत नाही.

म्हणून तूच राहिलीस. आर्डिस, ते पत्र जाळून टाक. स्टोव्हमध्ये टाक आणि वर कॉफी ठेव. एक पान. त्यावर माझं छप्पर टांगलंय.

लव्हॉन

ता. क. हेरिंग? नाताळात तुझ्या आईने बळेच वाढलेला तुकडा तू पियानोमागे टाकलेला मी पाहिलाय.

*

हॉलवेडाल
८ मार्च २००४

प्रिय लव्हॉन,

जाळणार नाही.

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की उत्तर चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी बरोबर उत्तर लिहायचं. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टोव्हमध्ये कागद टाकायला लागले तर त्या सगळ्या मुलांना काय तोंड दाखवू? त्यातला एक आता माझा दंतवैद्य आहे.

ते पत्र मी कुणाला पाठवणारही नाही. कुणी विचारलं, तर नाही म्हणणार नाही.

माझ्याच्याने लिहून होईल ते सोबत जोडलंय. बघ चालतं का:

"मी ऑर्लिनची बहीण. आमच्या घराण्यात पुरुष सांगत नाहीत आणि बायका विचारत नाहीत. १९४१ साली आमच्या वडिलांनी गाय विकली. आईला ते कळलं बादली घेऊन गोठ्यात गेल्यावर. ती बादली घेऊन परत आली आणि वडिलांना कॉफी दिली. गाईबद्दल त्यांच्यात कधीही बोलणं झालं नाही. लव्हॉन या घरात सून म्हणून आली आणि तिलाही हीच सवय लावण्यात आली. त्यात माझाही हात आहे. मार्च २००१ पर्यंत नवऱ्याचं गॅरेज तिने कधी उघडलं नाही. तोवर तिला त्याच्या उत्पन्नाची काही कल्पना नव्हती, हे मी शपथेवर सांगते. त्यानंतरचं तिने स्वतः सांगावं."

हेरिंगबद्दल विचारू नकोस.

आर्डिस

*

टॅमरॅक
१७ मार्च २००४

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र वाचून मी तुला मनातल्या मनात बरंच काही बोलले. ते इथे लिहीत नाही, कारण तू ते खोक्यात ठेवशील.

मग दुपारी बर्फ थांबलं तेव्हा गॅरेजमध्ये गेले. तो गेल्यापासून तिसऱ्यांदाच. त्याच्या मोडक्या खुर्चीवर बसले. भिंतीवर त्याच्या जाळ्या अजून तशाच, खिळ्यांना नीट अडकवलेल्या. फ्रीज चालू आहे. घरघर करतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. घरात कुणीतरी खाकरतंय असं वाटतं. दीड वर्ष मी त्याचं वीजबिल भरतेय. का, ते मला विचारू नकोस. तू मला हेरिंगबद्दल विचारू देत नाहीस.

तिथे बसून मी त्या एप्रिलचा विचार केला. तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते.

दरवर्षी रिटर्न भरून झालं की ऑर्लिन ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा, शेजारी पेन, आणि बाहेर निघून जायचा. मी ओव्हनमधून काहीतरी काढत असायचे. एप्रनला हात पुसायचे, त्याच्या सहीखाली सही करायचे, की झालं. त्या वर्षी तो गेला नाही. टेबलापाशी उभा राहिला. म्हणाला, "वाचणार?"

अठ्ठावीस वर्षांत एकदाच विचारलं त्याने.

मी म्हटलं, "चष्मा माडीवर राहिलाय."

चष्मा माझ्या डोक्यावर होता, आर्डिस. केसांत खोवलेला. त्याने चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं." मी सही केली. त्याने ओव्हनमधून काढलेल्या दोन गोड वड्या खाल्ल्या आणि गॅरेजमध्ये गेला.

माहीत नसणं वेगळं, आणि चष्मा डोक्यावर ठेवून तो माडीवर राहिलाय म्हणणं वेगळं. पहिली दोन वर्षं मला खरोखर माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, असं मला आता वाटतं. तो सांगायलाच उभा होता. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. उत्तर मिळालं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

काल मिस्टर गुल्सेटना सांगितलं, पहिल्या दोन वर्षांसाठी लिहा, माहीत नव्हतं. तिसऱ्यासाठी लिहा, माहीत होतं.

ते म्हणाले, "काय?"

"माहीत होतं!"

फर्न वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसून म्हणाली, "हां! आता कसं."

मिस्टर गुल्सेटनी पेन खाली ठेवलं. "बाई, चाळीस वर्षं वकिली केली. असं कुणी लिहीत नाही."

"मग आता लिहा," म्हटलं. तिसरं वर्ष साधारण नऊ हजारांचं आहे. सगळाच अर्ज फेटाळला तर घर जाईल, हेही त्यांनी सांगितलं. कागदावर लिहून, मोठ्या अक्षरांत.

तुझं पत्र जोडलं. गाईसकट.

माजी नवऱ्याचा पत्ता लिहायचा एक रकाना होता. त्यात मी तुझा पत्ता लिहिला. जिच्या तळघरात दुसरा फ्रीज आहे, आणि जी न आवडणारा मासा बरण्या भरून आणते, तिच्याकडे तो नसेल तर कुठे असेल?

लव्हॉन

*

हॉलवेडाल
२ एप्रिल २००४

प्रिय लव्हॉन,

तो माझ्याकडे आहे. नोव्हेंबरपासून.

त्याने शपथ घातली होती म्हणून लिहिलं नाही. "सांगू शकत नाही" हे मी खरं लिहिलं होतं, पण खरं लिहूनही फसवता येतं हे मला माहीत आहे. माफ कर.

दारात उभा होता, हातात एक पिशवी. मी म्हटलं, "आत ये." म्हणाला, "नको, असाच चाललो होतो." म्हटलं, "ये रे." म्हणाला, "नको, तुला कशाला त्रास." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बूट काढले. आपल्या माणसांसारखाच, दोनदा नाही म्हटल्याशिवाय कॉफीला हात लावायचा नाही. जानेवारीत तळघरात जळवा आल्या. म्हणून फ्रीज. हेरिंग त्याचंच.

टॅक्सवाल्यांची प्रश्नावली तुझ्या पत्रानंतर आठवड्याने आली. तो तीन दिवस ती समोर घेऊन बसला. चौथ्या दिवशी लिहून पाकिटात घालत होता, मी काढून घेतली आणि वाचली. भाऊ आहे, मी काय वाटेल ते वाचीन.

लिहिलं होतं: "तिन्ही वर्षं तिला काही माहीत नव्हतं. पैसे फ्रीजमध्ये होते. फ्रीजमध्ये जळवा होत्या. ती जळवांना घाबरते. सगळं माझ्याकडून घ्या."

मी म्हटलं, "ऑर्लिन, हे खोटं आहे."

"नाही."

"तिने मार्च २००१ मध्ये फ्रीज उघडला होता. तुला ठाऊक नसेल, मला आहे."

तो बराच वेळ कॉफी ढवळत बसला. साखर घालत नाही तो, तरी ढवळत होता. मग म्हणाला, "ठाऊक आहे. शेल्फ पुसलेलं होतं."

"काय?"

"त्या फ्रीजला कधी फडकं लागलं नव्हतं. त्या दिवशी आत सगळं चकाचक. आणि जळवांचे डबे उंचीप्रमाणे लावलेले."

लव्हॉन, शेल्फ पुसल्याचं तू मला पत्रात लिहिलं नव्हतंस.

मी विचारलं, "मग तिच्याशी बोलला का नाहीस?"

"ती काही बोलली नाही. म्हटलं, तिला बोलायचं नसेल."

"आणि चष्मा?"

"डोक्यावर होता," म्हणाला.

ते पैसेही आता नाहीत. त्याने जळवा वाढवायला म्हणून दलदलीतलं एक तळं विकत घेतलं. पहिल्याच हिवाळ्यात तळं तळापर्यंत गोठलं आणि सगळ्या जळवा मेल्या. आणि तो निघून का गेला, तेही विचारलं. त्या व्यापाऱ्याकडे चौकशी सुरू झाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. त्याला वाटलं, घटस्फोट झाला, घर तुझ्या नावावर झालं, की सरकारला त्या घराला हात लावता येणार नाही. हे त्याने कुणा वकिलाला विचारलं नाही. तुलाही विचारलं नाही. स्वतःच ठरवलं आणि चिठ्ठी लिहिली. मी त्याला गाढव म्हटलं, आधी इंग्रजीत, मग आईच्या नॉर्वेजियनमध्ये.

मी शाल आणायला आत गेले तेवढ्यात त्याने जाऊन ते पाकीट टपालपेटीत टाकलं. तेव्हा आता सरकारकडे त्याचं खोटं आणि तुझं खरं, दोन्ही पोचलंय. यातून काय निघेल, देव जाणे.

आर्डिस

*

टॅमरॅक
१० ऑक्टोबर २००४

प्रिय आर्डिस,

उन्हाळाभर लिहिलं नाही, कारण लिहायला काही नव्हतं. नुसतं वाट बघणं होतं. दोन सुटकेसही भरून ठेवल्या होत्या. कुठे जाणार होते, माहीत नाही.

गेल्या महिन्यात टॅक्सच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला, मिसेस ॲबरक्रॉम्बी. आवाज थकलेला, पण चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सतरा वर्षं मी हेच अर्ज बघते. बायको म्हणते, मला काही माहीत नव्हतं. नवरा म्हणतो, तिला सगळं माहीत होतं. नेहमी असंच. तुमच्या फाइलमध्ये तो म्हणतोय तुम्हाला माहीत नव्हतं, आणि तुम्ही म्हणताय होतं. तुमच्यात खोटं बोलतंय कोण?"

मी म्हटलं, "तो. पण त्याला शिक्षा करू नका. त्याला दुसऱ्या कुठल्या प्रकारे बोलता येत नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "यासाठी आमच्याकडे रकाना नाही." आणि मग, अगदी हळू, "ती गाय, ती खरी का हो?"

म्हटलं, "आर्डिसने लिहिलंय म्हणजे खरी."

परवा निकाल आला. पहिली दोन वर्षं माझ्यावरून काढली. तिसरं वर्ष राहिलं, त्याच्याबरोबर माझ्यावरही. हप्ते बांधून दिलेत, महिन्याला एकशे दहा. शाळेच्या पगारात बसतात. घर राहिलं. सुटकेस रिकाम्या केल्या आणि अर्धा दिवस रडत खिडक्या पुसल्या.

गावात माझी अब्रूही परत आली. फर्न सगळ्यांना सांगते, "मी म्हटलंच होतं, लव्हॉनला माहीत असणार." मयताच्या कमिटीत मी पुन्हा अध्यक्ष आहे.

आणि काल एक पाकीट आलं. आत पंचावन्न डॉलर आणि जळवा विकल्याची पावती, सही-तारखेसकट. पावत्या करायला तूच लावलंस ना? पत्र नव्हतं. पण पैसे माझ्या जुन्या एप्रनच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळले होते. तो तुकडा त्याच्याकडे कसा आणि कधीपासून, हे मी विचारलं नाही. आता विचारायचं ठरवलंय. तीस वर्षं उशिरा, पण ठरवलंय.

म्हणून एक काम सांगते. गॅरेजमधला त्याचा फ्रीज अजून चालू आहे. मी बंद केला नाही. आत सध्या माझं जेलीचं सॅलड आहे. मला गॅरेज परत हवंय. हिवाळ्यात गाडी आत लावीन म्हणते. तर फ्रीज न्यायला त्याने यावं. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही, स्वतः यायचं, रविवारी, चर्चनंतर, जेवायच्या वेळेला. टेबलाशी बसायचं, आणि मी जे विचारीन त्याचं तोंडाने उत्तर द्यायचं. चष्मा मी डोळ्यांवर लावून बसेन.

तू त्याला विचार. तो नाही म्हणेल. मग पुन्हा विचार. तेव्हाही नाहीच म्हणेल.

लव्हॉन